पैसे कोणी भरले? इंग्रज पूर्वजाची उमेदवारी शोधताना

सासूबाईंच्या घरी जुन्या बायबलमध्ये घडी घालून ठेवलेला एक कागद होता. अर्धा छापील, अर्धा शाईनं भरलेला, खाली लाखेचे तडकलेले दोन ठिपके. वरची कड सरळ नव्हती, नागमोडी होती. उंदरानं कुरतडली असणार, असं मला वाटलं. सासूबाई हसल्या. त्यांनाही त्या कागदाबद्दल एवढंच माहीत होतं, की "आमच्याकडचा कोणी तरी मोजे विणायला शिकला, त्याचा हा कागद."

ते उंदराचं काम नव्हतं. पूर्वी एका कराराच्या दोन प्रती लिहायचे आणि त्या मधून नागमोडी कापायचे. उद्या भांडण झालं तर दोन्ही तुकडे शेजारी ठेवायचे. कडा जुळल्या तर करार खरा. त्या दातेरी कडेवरूनच अशा कराराला 'इंडेंचर' म्हणायला लागले. माझ्यासमोर होता तो १७९० च्या दशकातला, लेस्टरशायरमधल्या नऊ वर्षांच्या एका पोराचा उमेदवारीचा, म्हणजे मालकाच्या हाताखाली धंदा शिकण्याचा, करारनामा. माझ्या मुलांचा तो बापाकडून सातवा-आठवा पूर्वज. त्याच्या मागे लागून मी जे शिकले ते इथे ओळीनं सांगते. इंग्लंडमध्ये संसार थाटलेल्या मराठी लोकांना याचा उपयोग होईल. इगतपुरी-भुसावळकडच्या ज्या अँग्लो-इंडियन घरांत 'आमचे पणजोबा विलायतेहून फिटर म्हणून आले' असं सांगतात, त्यांनाही होईल, कारण तो फिटर तिकडे कुणाच्या तरी हाताखाली शिकूनच आलेला असणार.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती उशिरा कळल्यामुळे माझे दोन महिने वाया गेले. ही कागदपत्रं आठवण म्हणून कोणी लिहिली नाहीत. कुणाचे तरी पैसे किंवा कुणाचा तरी हक्क गुंतला होता म्हणून ती लिहिली गेली. त्यामुळे पूर्वजाचं नाव शोधखिडकीत टाकण्याआधी विचारायचा प्रश्न असा: याच्या उमेदवारीचे पैसे कोणी भरले? त्याचं उत्तर मिळालं की कुठल्या दप्तरात जायचं ते आपोआप कळतं.

आधी उमेदवारी समजून घ्या

१५६३ साली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, इंग्लंडमध्ये एक कायदा झाला: सात वर्षं उमेदवारी केल्याशिवाय ठरलेले धंदे कुणी करायचे नाहीत. कायद्याचा हा भाग १८१४ साली रद्द झाला. म्हणजे अडीचशे वर्षं सुतार, लोहार, घड्याळजी, शिंपी व्हायचं तर कुणाच्या तरी घरी राहून शिकणं भाग होतं. निदान कागदोपत्री तरी. मुलगा साधारण चौदाव्या वर्षी मालकाच्या घरी राहायला जायचा. मालक त्याला जेवण, कपडे, छप्पर आणि विद्या द्यायचा. मुलगा पगाराशिवाय राबायचा. करारातल्या अटी छापीलच असत: मालकाची गुपितं फोडायची नाहीत, पत्ते-फासे खेळायचे नाहीत, दारूच्या गुत्त्यात जायचं नाही, आणि मुदत संपेपर्यंत लग्न करायचं नाही.

ही शेवटची अट वंशावळ शोधणाऱ्याच्या फार कामाची. करार १७४० चा आणि मुदत सात वर्षांची असेल तर जन्म १७२६ च्या आसपास शोधायचा आणि लग्न १७४७ च्या पुढे. त्याच गावात त्याच नावाच्या माणसाचं लग्न १७४३ मध्ये सापडलं, तर तो बहुधा दुसराच कोणी तरी. एकाच गावात एकाच नावाचे तीन-तीन जॉन असतात, तेव्हा ही चाळणी मोठा आधार देते.

पायरी पहिली: आजपासून मागे या

थेट अठराव्या शतकात उडी मारू नका. घरातले कागद, मग १९२१ पासून मागे १८४१ पर्यंतची दर दहा वर्षांची जनगणना, आणि जन्म-लग्न-मृत्यूच्या सरकारी नोंदी. या १ जुलै १८३७ पासून आहेत. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत, म्हणजे बाप्तिस्मा, लग्न, दफन. त्या नोंदी १५३८ मध्ये सुरू झाल्या, पण प्रत्येक गावच्या तेवढ्या जुन्या वह्या उरलेल्या नाहीत. फॅमिलीसर्च ही साइट फुकट आहे. अँसेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट पैसे घेतात, पण इंग्लंडमधल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत बसून त्या फुकट वापरता येतात. मी वर्षभराची वर्गणी भरल्यावर मला हे कळलं.

जनगणनेत, विशेषतः १८५१ पासून पुढे, कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिण्याचा रकाना असतो. परक्या घरात पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा दिसला आणि नात्याच्या जागी 'अप्रेंटिस', म्हणजे उमेदवार, लिहिलं असेल, तर घरमालकाचं नाव, धंदा, पत्ता सगळं उतरवून घ्या. पुढे लागतं.

पायरी दुसरी: पैसे घरच्यांनी भरले असतील तर

ज्याची ऐपत होती तो बाप मुलाला धंदा शिकवण्यासाठी मालकाला एकरकमी पैसे मोजायचा. या रकमेला 'प्रीमियम' म्हणत. चांभाराकडे पाच-दहा पौंड, पण मोठ्या व्यापाऱ्याकडे किंवा वकिलाकडे शंभराच्याही पुढे. सरकारच्या डोळ्यांत हा पैसा आला आणि १७१० पासून त्यावर कर बसला. प्रीमियम पन्नास पौंडांपर्यंत असेल तर पौंडाला सहा पेन्स, म्हणजे शेकडा अडीच. त्याहून जास्त असेल तर पौंडाला एक शिलिंग, म्हणजे शेकडा पाच. भरायचा मालकानं. १८०४ मध्ये कर उठला, उरलीसुरली वसुली १८११ पर्यंत चालली.

या कराच्या वह्या लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. मालिकेचा क्रमांक आय-आर १. वर सांगितलेल्या दोन्ही पैशाच्या साइट्सवर त्या शोधता येतात. एका ओळीत मालकाचं नाव, गाव, धंदा, उमेदवाराचं नाव, कराराची तारीख, मुदत, प्रीमियम आणि कर एवढं मिळतं. साधारण १७५० पर्यंतच्या नोंदींत वडिलांचं नावही असतं, कधी त्यांचा धंदा आणि गावही. त्यानंतर बहुतेक वेळा वडील गायब. म्हणून तुमचा माणूस १७२०-३० च्या दशकातला असेल तर नशीबवान समजा.

इथे नवखे हमखास अडखळतात अशा दोन जागा. वह्यांचे दोन संच आहेत, 'सिटी' आणि 'कंट्री'. ही विभागणी मुलगा कुठला यावर नाही, कर कुठे भरला यावर आहे. खेड्यातल्या मालकाचा कर लंडनमध्ये भरला गेला तर नोंद सिटीच्या वहीत. दुसरं, कर भरायला उमेदवारी संपल्यानंतरही वर्षभर सवलत होती. म्हणजे १७३० च्या कराराची नोंद १७३८ च्या वहीतही निघू शकते. करार ज्या साली झाला तेवढंच साल बघून 'नाही सापडलं' म्हणू नका.

एक उदाहरण घेऊ. कवी आणि चित्रकार विल्यम ब्लेक चौदाव्या वर्षी, ४ ऑगस्ट १७७२ रोजी, जेम्स बझायर या खोदचित्रकाराकडे सात वर्षांसाठी उमेदवार झाला. वडील जेम्स ब्लेक मोजे विकणारे, राहायला ब्रॉड स्ट्रीटवर. त्यांनी ५२ पौंड १० शिलिंग मोजले. म्हणजे पन्नास गिनी, कारण गिनी एकवीस शिलिंगांची. रक्कम पन्नास पौंडांच्या वर गेल्यामुळे पौंडाला शिलिंग या दरानं कर होतो २ पौंड १२ शिलिंग ६ पेन्स. आता शेजारी मायकेल फॅरडे ठेवा. तोही चौदाव्या वर्षी, ७ ऑक्टोबर १८०५ रोजी, पुस्तकबांधणी करणाऱ्या जॉर्ज रिबोकडे सात वर्षांसाठी लागला. पण बाप लोहार, घरी चणचण. करारात स्पष्ट लिहिलंय की त्याची इमानी चाकरी हाच मोबदला, प्रीमियम नाही. जिथे प्रीमियम नाही तिथे कर नाही, आणि कर नाही तर वहीत नाव नाही. शिवाय तोवर कर उठलाही होता. म्हणजे पुढे जगभर गाजलेला माणूस, पण या वह्या कितीही चाळल्या तरी तो त्यांत भेटणार नाही.

बापाकडेच धंदा शिकलेली मुलंही इथे बहुधा नसतात. बाप स्वतःलाच कसले पैसे देणार? नाव न सापडणं हीदेखील माहिती असते, तीही वहीत लिहून ठेवा.

पायरी तिसरी: धंद्याच्या कंपनीचा हक्क गुंतला असेल तर

लंडनमध्ये, आणि ब्रिस्टल, यॉर्क, नॉरिच अशा जुन्या शहरांत, दुकान थाटायचं तर शहराचा 'फ्रीमन', म्हणजे हक्कदार नागरिक, व्हावं लागे. त्याला 'फ्रीडम मिळणं' म्हणत. लंडनमध्ये त्याचे मुख्य रस्ते तीन: उमेदवारी पुरी करणं, फ्रीमनचा मुलगा असणं, किंवा सरळ पैसे मोजणं. लंडनमध्ये हा हक्क धंद्यांच्या कंपन्यांमार्फत मिळे. त्यांना 'लिव्हरी कंपनी' म्हणतात. आपल्याकडच्या व्यापारी श्रेणींशी त्यांची थोडीफार तुलना होईल, फक्त यांचे हॉल अजून उभे आहेत आणि जेवणावळीही चालू आहेत.

यातले कागद सोन्यासारखे. कंपनीच्या वहीत उमेदवाराच्या बापाचं नाव, गाव, परगणा आणि धंदा असतो. बाप वारलेला असेल तर 'मृत' असंही लिहितात, म्हणजे दफनाची नोंद आणि मृत्युपत्र कुठल्या सालाआधी शोधायचं ते कळतं. लंडनला पोरं देशभरातून येत. 'आमचे लोक लंडनचेच' असं सांगणाऱ्या घराचं मूळ यॉर्कशरच्या एखाद्या वाडीत निघतं ते याच वह्यांमुळे.

शोध सुरू करायला 'रोल्को' ही साइट बरी. ड्रेपर्स, गोल्डस्मिथ्स, क्लॉथवर्कर्स, मर्सर्स अशा काही कंपन्यांच्या नोंदी तिथे फुकट शोधता येतात. बऱ्याच इतर कंपन्यांची दप्तरं गिल्डहॉल लायब्ररीत आहेत. शहराच्या फ्रीडमचे १६८१ पासूनचे कागद लंडन आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि अँसेस्ट्रीवर त्यांचे फोटो आहेत. फ्रीडमच्या कागदांत पुष्कळदा मूळ इंडेंचरच घालून ठेवलेलं असतं. लंडनबाहेर त्या त्या शहराचा दप्तरखाना बघा. शेफिल्डमधल्या चाकू-सुऱ्या बनवणाऱ्यांची कंपनी १६२४ ची, ब्रिस्टलच्या उमेदवारांच्या वह्या तर १५३२ पासूनच्या.

पण कंपनीचं नाव म्हणजे धंदा असं धरून चालू नका. लंडनची रीत अशी होती की कुठल्याही एका कंपनीतून फ्रीमन झालेला माणूस दुसरा धंदा करू शके. चित्रकार विल्यम होगार्थ एलिस गॅम्बलकडे उमेदवार होता. गॅम्बल चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरायचा, पण सभासद मर्चंट टेलर्स कंपनीचा, म्हणजे शिंप्यांच्या. नुसती वही बघून कोणी म्हणेल होगार्थ कपडे शिवायला शिकला. पूर्वज 'ड्रेपर' निघाला म्हणून लगेच कापडाच्या गिरण्यांमागे धावू नका. तो छापखाना चालवत असेल.

होगार्थनं मुदत पुरीही केली नाही. असे पुष्कळ होते. उमेदवारीची नोंद आहे आणि फ्रीडमची नाही, तर मुलगा मेला असेल, पळाला असेल, गावी परतला असेल, किंवा मालक वारल्यावर दुसऱ्याकडे गेला असेल. मालक बदलला की कंपनीच्या वहीत तशी वेगळी नोंद होते, तीही शोधा. आणि पळालेल्यांसाठी त्या काळची स्थानिक वर्तमानपत्रं बघा. मालक जाहिरात द्यायचे: उंची इतकी, केस असे, अंगात तपकिरी कोट, थोडा तोतरा, आसरा देणाऱ्यावर कारवाई होईल. चित्र काढून घेण्याची ज्याची ऐपत नव्हती, त्याचं एकमेव वर्णन कधीकधी हेच.

पायरी चौथी: पैसे गावानं भरले असतील तर

सासूबाईंच्या कागदाची जागा ही. मी मात्र दोन महिने कराच्या वह्या उपसत बसले, त्या पोराच्या बापाचं नाव मिळेल म्हणून. खरं तर उत्तर कागदावर पहिल्याच ओळीत होतं: करार करून देणारे बाप नव्हते, 'चर्चवॉर्डन आणि गरिबांचे ओव्हरसियर' होते, चर्चचा आणि गावातल्या गरिबांचा कारभार बघणारे. म्हणजे पोर गावाच्या अंगावर होतं. गावानं किंवा धर्मादाय संस्थेनं लावून दिलेल्या मुलांवर कर माफ होता. त्या वहीत ते असणार कसं?

१६०१ च्या गरिबांच्या कायद्यानं प्रत्येक चर्चच्या हद्दीतल्या गरिबांचा भार त्याच हद्दीवर टाकला. अनाथ किंवा कंगाल घरातली मुलं दोन न्यायाधीशांच्या संमतीनं उमेदवारीला लावायचा अधिकार ओव्हरसियरना मिळाला: मुलगे चोवीस वर्षांचे होईपर्यंत, मुली एकवीस वर्षांच्या किंवा लग्न होईपर्यंत. मुलग्यांची हद्द १७७८ मध्ये एकवीसवर आणली. यातून एक खूण हाती लागते. मुदत 'सात वर्षं' अशी न लिहिता 'एकवीस वर्षांचा होईपर्यंत' अशी लिहिली असेल, तर तो बहुधा गावानं लावलेला मुलगा. वय सात, आठ, नऊ असेल तर जवळजवळ नक्कीच.

धंद्याच्या जागी 'हजबंड्री' दिसलं तर त्याचा नवऱ्याशी संबंध नाही, शेतकामाशी आहे. मुलींपुढे 'हाउसवाइफरी' असतं, म्हणजे घरकाम. शिकवणं नावाला, फुकटात गडी आणि मोलकरीण. घ्यायला नको म्हणणाऱ्या घरमालकाला १६९७ च्या कायद्यानं दहा पौंड दंड होता, यावरून या पोरांचं स्वागत कसं होत असेल ते समजा. गिरण्या आल्यावर शहरांतली वर्कहाउसं, म्हणजे गरिबांना ठेवून काम करवून घेणारी घरं, मुलांना घोळक्यानं उत्तरेकडे पाठवू लागली. चेशरमध्ये स्टायल इथं सॅम्युएल ग्रेगच्या गिरणीजवळ १७९० साली बांधलेलं उमेदवारांचं घर आजही बघता येतं. १८०२ पासून ओव्हरसियरना अशा मुलांची नोंदवही ठेवणं सक्तीचं झालं. १८१६ मध्ये नऊ वर्षांखालच्या मुलांना लावायला बंदी आली आणि लंडनची मुलं चाळीस मैलांपलीकडे पाठवायलाही.

या सगळ्यात गावाचा आणखी एक हिशेब होता, आणि तो कळला की कागद कुठे शोधायचे तेही कळतं. १६९१ च्या कायद्यानुसार उमेदवार ज्या हद्दीत चाळीस दिवस राहील तिथला त्याचा हक्क पक्का होई. म्हणजे पुढे तो गरीब पडला तर त्याला पोसणं त्या नव्या गावावर. म्हणून ओव्हरसियर पोराला शक्यतो शेजारच्या गावात चिकटवायचे. पीडा गेली! आणि वीस वर्षांनी तोच माणूस आजारी पडून कुठे मदत मागायला गेला, की 'तुझं गाव कुठलं' म्हणून न्यायाधीशांपुढे त्याची जबानी व्हायची. या जबान्या जरूर शोधा. कुठे जन्मलो, कुणाकडे उमेदवारी केली, किती दिवस राहिलो, कधी लग्न केलं, मुलं किती, सगळं त्यात एका पानात. श्रीमंताचं इतकं नेटकं चरित्र सहसा मिळत नाही.

हे कागद परगण्याच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात, पूर्वी चर्चमधल्या पेटीत असत. आधी नॅशनल आर्काइव्ह्जच्या 'डिस्कव्हरी' या सूचीत गावाचं नाव आणि 'अप्रेंटिसशिप इंडेंचर' असं टाका. देशभरातल्या दप्तरखान्यांच्या याद्या तिथे एकत्र आहेत. पण यादीत दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं समजू नका. बऱ्याच गठ्ठ्यांवर नुसतं 'गरिबांचे कागद' एवढंच लिहिलंय. मी ज्या दप्तरखान्यात गेले तिथे तीन वेळा मला 'या गावाचं काही नाही' असं सांगितलं. चौथ्या वेळी दुसऱ्या बाईंनी गठ्ठा आणून समोर ठेवला. पाठपुरावा सोडू नका, आणि जाण्याआधी ईमेल करा.

त्या गठ्ठ्यात ओव्हरसियरची हिशेबवही होती. करार झाला त्याच आठवड्यात खर्च टाकलाय: पोराला एक जोडी बूट, दोन सदरे, एक टोपी. पुढे मोजे विणणाऱ्या मालकाला दिलेली रक्कम. आयुष्यभर मोजे विणणार होता तो. वहीत त्याच्यासाठी मोजे घेतल्याची नोंद नाही.

लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलचं प्रकरण वेगळं. थॉमस कोरमनं १७३९ मध्ये स्थापलेल्या या संस्थेत सोडलेल्या मुलांना नवी नावं मिळत आणि मोठी झाल्यावर उमेदवारीला लावत. उमेदवारीच्या वह्या आहेत, पण नाव संस्थेनं ठेवलेलं असल्यामुळे नुसत्या नावावरून मागे जाता येत नाही. ते दप्तर लंडन आर्काइव्ह्जमध्ये आहे.

वाचायचं कसं

सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंतचं 'सेक्रेटरी' वळण बघून धीर सोडू नका. मी पुण्यात असताना हौसेनं मोडी शिकले होते, आणि खरं सांगते, मोडीची सवय असलेल्याला हे जड जात नाही. दोन्हीकडे युक्ती तीच. आधी ठरावीक मजकूर ओळखायचा, कारण करारात सुरुवात-शेवट ठरलेलाच असतो. ओळखीच्या शब्दांतून त्या लेखनिकाची अक्षरं गोळा करायची, मग त्यांच्या जोरावर नाव आणि गाव लावायचं. लांब 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो. नावं आखडून लिहितात: 'जे-एन-ओ' म्हणजे जॉन, जोनाथन नव्हे, 'एक्स'नं सुरू होणारं नाव बहुधा ख्रिस्तोफर. नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर १५०० ते १८०० च्या हस्ताक्षराचे फुकट धडे आहेत, तेवढे आधी करा.

पैशांत बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड. रुपये-आणे-पै ज्यांनी आजीकडून ऐकलेत त्यांना हे सांगायला नको. धंद्यांची नावं मात्र फसवतात. 'कॉर्डवेनर' नवे जोडे बनवणारा, 'कॉब्लर' जुने दुरुस्त करणारा, आणि पहिला दुसऱ्याला खालचा समजे. 'पेरूक मेकर' टोप बनवणारा, 'व्हाइटस्मिथ' कथलाचं काम करणारा, 'मँटुआ मेकर' बायकांचे झगे शिवणारी. यात मालकीणही बाई आणि उमेदवारही मुलगी असे. घरातल्या बायकांचा माग काढताना हा धंदा विसरू नका.

तारखांनी माझी फजिती केली. इंग्लंडचं कायदेशीर वर्ष १७५१ पर्यंत २५ मार्चला सुरू व्हायचं, आपल्या पाडव्याच्या आसपास म्हणा ना. म्हणजे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे बहुतेक दिवस जुन्याच सालात. दुसऱ्या एका शाखेत मला लग्न सापडलं मे १७२४ चं आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२४ चा. मी जेवणाच्या टेबलावर जाहीर करून मोकळी झाले की लग्नाआधीच पाळणा हलला होता. सासूबाईंनी काटा-सुरी खाली ठेवली. ते फेब्रुवारी १७२४ म्हणजे आपलं १७२५, बरोबर नऊ महिने! माफी मागावी लागली, तीही तीनशे वर्षांपूर्वी गेलेल्या बाईची. तेव्हापासून मी या तीन महिन्यांची तारीख दोन्ही सालं टाकून लिहिते. होगार्थच्या कराराची तारीख जाणकार २ फेब्रुवारी १७१३/१४ अशी लिहितात, ती याचसाठी.

१८१४ नंतर

सक्ती गेली, उमेदवारी चालूच राहिली. पण सगळ्यांची एकत्र वही नाही. जनगणना, स्थानिक वर्तमानपत्रं आणि कारखान्यांची दप्तरं यांवर भागवायचं. व्यापारी जहाजांवरच्या उमेदवारांची सूची मात्र १८२४ ते १९५३ अशी सलग आहे, नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये बी-टी १५० या क्रमांकाखाली. आणि भुसावळच्या फिटरसाठी इंग्लंडमधल्या रेल्वे कंपन्यांच्या नोकरवह्या. त्यातल्या बऱ्याच अँसेस्ट्रीवर आहेत, आणि वर्कशॉपमधली उमेदवार पोरंही त्यांत असतात.

सापडल्यावर

मालकाला सोडू नका. त्याचं मृत्युपत्र वाचा, त्याच्या चर्चच्या वह्या बघा, त्याच्याकडचे इतर उमेदवार कोण ते काढा. उमेदवार पुष्कळदा मालकाचा भाचा-पुतण्या असतो, आणि मुदत संपल्यावर मालकाच्याच मुलीशी लग्न केल्याची उदाहरणंही थोडी नाहीत. शक्य असेल तर कराराची दुसरी प्रतही शोधा.

आमच्या पोराची दुसरी प्रत त्याच गठ्ठ्यात निघाली, गावाकडे राहिलेली. मी मोबाइलवरचा आमच्या प्रतीचा फोटो काढला आणि तिच्या कडेला कड लावून बघितली. जुळली नाही. तोवर नागमोडी कापणं ही नुसती रीत उरली होती, छापील फॉर्म आधीच तसे कापून येत. मग मी मजकूर ताडून बघायला लागले. तारीख तीच, हस्ताक्षर तेच, साक्षीदार तेच. फक्त पोराचं आडनाव त्या लेखनिकानं आमच्या प्रतीत एका स्पेलिंगनं लिहिलं होतं आणि गावाच्या प्रतीत दुसऱ्या. मी इतके दिवस एकाच स्पेलिंगनं शोधत होते. त्या संध्याकाळी दुसऱ्यानं शोधलं, तेव्हा शेजारच्या गावच्या बाप्तिस्म्यांत त्याची आई सापडली. बापाचा रकाना तिथेही रिकामा होता.